बाभळीवर टांगलेली गाणी

फोन माझ्या कानाशी होता आणि माझा साळा बाभळीवरून बोलत होता.

हे मला कळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाभूळ आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आहे, आर्णीहून गावाकडे येणाऱ्या रस्त्याला लागून. तिच्या फांदीला मी सुतळीनं एक काळा डबा टांगला होता. बिनवायरीचा, गाणी वाजवणारा. गाणी माझ्या फोनातून निघत आणि डब्यातून वाजत. खाली पऱ्हाटीत तांड्यावरच्या आठ बाया कापूस वेचत होत्या आणि माझी बायको नववी. फोन आला की गाण्याच्या जागी फोन करणारा माणूसही डब्यातूनच बोलतो, ही गोष्ट मला डबा विकणाऱ्यानं सांगितली नव्हती. सांगितली असती तरी मी ‘माहीत आहे, माहीत आहे’ म्हणून ती ऐकून घेतली नसती, म्हणून दोष त्याला देत नाही.

फोन वाजला तेव्हा मी वीस पावलांवर, बंडीच्या आडोशाला पाणी पीत होतो. पाहिलं तर साळा. त्याची शेती मारेगावकडे. फोन कानाला लावला, आत चिडीचूप. गाणंही थांबलेलं. मी ठरवून टाकलं, रेंज गेली. मग रेंज गेलेल्या माणसानं जे जे करायचं असतं ते सगळं केलं. दुसऱ्या कानात बोट घातलं, बंडीच्या चाकावर चढलो, आभाळाकडे तोंड करून ‘हॅलो, हॅलो’ ओरडलो. वारा माझ्याकडून बायांकडे वाहत होता. त्यांना माझं ऐकू येत होतं आणि साळ्याचंही. मला कोणाचंच येत नव्हतं.

पुढचं बोलणं मला नंतर आठ तोंडांनी ऐकायला मिळालं. आठांचंही सांगणं जवळपास सारखंच आहे, म्हणून खरं धरायला हरकत नाही.

“भाऊजी, डबा तं आणला म्या,” साळा बाभळीवरून म्हणाला.

बायांचे हात थांबले.

“हॅलो? भाऊजी?”

“बोल,” बाभळीजवळ, माझ्या बायकोच्या शेजारी वेचत होती ती म्हातारी म्हणाली. ती या बायांची म्होरकी. बाया जमवायच्या तिनं, आणायच्या तिनं, कोणाच्या वावरात जायचं तेही तिनंच ठरवायचं. तांड्यातल्या पोरी तिला याडी म्हणतात, म्हणजे आई, आणि ऐकून ऐकून मीही तेच म्हणतो. डब्याला तोंडासारखाच कानही असतो हे तिला ठाऊक नव्हतं. कोणी हाक मारली की ओ द्यावी, एवढं तिला ठाऊक होतं.

“कोन बोलून राह्यलं?” साळ्यानं विचारलं.

“वावरातली बाई. तुये भाऊजी बंडीवर चढले हायेत.”

“बरं मावशी, मंग निरोप सांगजा. म्हना, डबा आणला, झाडाले बांधला, दोन दिवस झाले वाजवून राह्यलो, पन एक बाई वावरात येऊन नाही राह्यली. भाऊजी तं मले म्हनत होते, गाईपुढं सरकीची ढेप टाकली का ती दुधाले आडत नाई, तसंच बायाइचं. गाणं लावलं का बोंडातली कवडी हाये का फुटलेला कापूस हाये, काई पाहत नाई, वेचत जातेत.”

“असं म्हनत होते का भाऊजी?”

“हो न, परवाच. तं जरा इचारून सांगा, कोनतं गाणं लावतेत ते.”

“सांगते,” याडी म्हणाली. “इचारूनच सांगते.”

माझ्या बायकोनं, म्हणजे साळ्याच्या सख्ख्या बहिणीनं, त्या वेळी तोंडाला पदर लावला होता असं सात जणी सांगतात. आठवी म्हणते, पदर नाही, तिनं ढेकूळ उचललं होतं.

फोन बंद झाला आणि गाणं जिथं तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं. मी चाकावरून उतरलो. “आली रेंज,” असं बायांना मोठ्या खुशीत सांगितलं. कोणी मान वर केली नाही.

आता हा डबा आला कुठून, ते सांगतो. माझी मुलगी पुसदला वसतिगृहात राहून बारावी करत होती. दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं माझ्या फोनात गाण्यांचं एक ॲप टाकून दिलं. जगातली सगळी गाणी, मागाल ती, मागाल तेव्हा.

“तीन महिने फुकट आहे, बाबा.”

“फुकट काहून देतेत ते?”

“सवय लागावी म्हणून.”

इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर शहाण्या माणसानं फोन परत केला असता. मी चष्मा लावला. ॲपनं पहिल्यांदा विचारलं, तुमच्या आवडीचे तीन गायक निवडा. मुलीला स्थळ पाहावं तशी मी त्या तीन माणसांची निवड अख्खी दुपार केली. एकाला घेतलं की दुसऱ्यावर अन्याय. शेवटी बायकोनं येता येता तीन ठिकाणी बोट टेकवलं आणि ती गोठ्याकडे निघून गेली. त्यातला एक कोण आहे ते मला अजून माहीत नाही. पुढे एका शनिवारी माझा अंगठा चुकून एका आरतीवर पडला, आणि तेव्हापासून ॲपची खात्री पटली की हा माणूस भाविक आहे. रोज सकाळी ते मला नवी आरती काढून देई. मी ती बंद करत नसे. न जाणो, वर नोंद होत असेल.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. आमच्याकडच्या लोकांना एवढं सांगितलं की पुरतं, बाकीच्यांसाठी सांगतो. बोंड बाहेरून छान दिसे आणि आत अळी बसलेली असे. मग बोंड नीट फुटत नाही, कापूस आतल्या आत चिकटून राहतो. त्याला कवडी म्हणतात. ती नखांनी उकरून काढावी लागते, बोटं सोलून निघतात आणि संध्याकाळी काट्यावर वजन भरत नाही. तेव्हा वेचायला बाया मिळेनात. त्याच दिवसांत तुरी सोंगायला, म्हणजे कापायला, आल्या होत्या. तुरीत काम मोकळं, बोटं शाबूत. मग कवडीच्या वावरात कोण येतं? पहिल्या वेचणीला, कपाशीच्या झाडापुढे दहीभात ठेवून आम्ही सुरुवात करतो तेव्हा, बाया होत्या. दुसरीला कशाबशा आल्या. तिसरीला गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, “बाया हायेत का?” आणि संक्रांतीच्या तोंडावर आभाळ भरून येऊ लागलं. फुटलेला कापूस झाडावर भिजला की काळा पडतो, आणि मग तो वेचला काय न वेचला काय.

अशा वेळी माझ्या डोक्यात डबा आला. बायांना गाणी ऐकवायची. आर्णीच्या बाजारातल्या मोबाइलवाल्या भाईकडे गेलो. त्यानं डबा काउंटरवर ठेवून वाजवला.

“दस बाय दस की खोली हिला देगा, चाचा.”

“वावरात लावायचा हाये.”

भाईनं विचार केला. “वावर नही हिलता. बैल लेकिन भागेंगे.”

बैल पळाले नाहीत. माझ्या सुदैवानं बायाही पळाल्या नाहीत. उलट, तिसऱ्या वेचणीला याडी सात जणींना घेऊन आली आणि रोज येत राहिली. शेजारच्या वावरात चिटपाखरू नाही आणि आमच्यात नऊ पाठी वाकलेल्या. मी बाभळीखाली मांडी घालून बसे, फोन मांडीवर, आणि एकेक गाणं निवडून लावे. जुनी हिंदी, लग्नाची मराठी, मधेच ॲपनं पाठवलेली आरती. एकदा तर बंजारा बोलीतली गाणीही शोधून काढली. लेंगी नावाची. म्हटलं, यांना घरचं वाटेल. बाया पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मला वाटलं, आनंद झाला. नंतर कळलं, लेंगी होळीला म्हणतात. कोणी आपल्या दारात संक्रांतीला येऊन होळीची बोंब ठोकावी, तसं मी केलं होतं.

तरी आठ दिवस त्या आल्या, आणि मी मनाशी सिद्धान्त बांधला की हे गाण्यांमुळे. सिद्धान्त एकदा बांधला की तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. बायकोला सांगून पाहिलं.

“गाण्यानं येतेत म्हनता?” ती म्हणाली.

“मंग कायनं येतेत?”

“ते त्याइले इचारा.”

विचारायचं ते मी साळ्याला सांगून बसलो. ढेपेचं उदाहरणही माझंच. त्या वेळी फार चपखल वाटलं होतं.

तर तो दिवस. गाणं पुन्हा सुरू झाल्यावर बाया काही बोलल्या नाहीत. कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडणात उत्तरं सुचतात. त्यांनी उरलेले तास, म्हणजे कपाशीच्या ओळी, मुकाट्यानं पुरे केले, गाठोडी काट्याला लावली, ओट्या झटकल्या. निघताना याडी माझ्याकडे न पाहता माझ्या बायकोला म्हणाली, “बाई, उद्या आमाले तुरी सोंगाले जा लागते.”

बायको म्हणाली, “बरं.”

तीन एकर फुटून पांढरं उभं होतं. आभाळ दिग्रसच्या बाजूनं काळं होत चाललं होतं. आणि नेमका त्याच वेळी माझ्या खिशातला फोन टुंग करून वाजला. गाण्यांच्या कंपनीचा निरोप होता. तुमच्या मोफत मुदतीचे तीनच दिवस उरले आहेत. गाणी चालू ठेवायची? खाली एक हिरवं मोठं बटण, ‘चालू ठेवा’. त्याच्याखाली बारीक अक्षरात, ‘नंतर पाहू’. ‘नको’ असं बटणच नव्हतं. मी फोन उलटा करून मागूनही पाहिला.

गेला आठवडाभर आमच्या घरी यावरच चालू होतं. मी म्हणत होतो, ठेवू. हे शेतीचं साधन आहे, औताफाट्यासारखं. बायको म्हणत होती, सोडा. त्या संध्याकाळी चहा पिता पिता मी जाहीर केलं, “सोडून देतो ते गाणेफिणे. त्याच्यापायीच झालं.”

“गाण्यानं नाही झालं,” बायको म्हणाली. “तोंडानं झालं. आन् मायाच भावाच्या तोंडानं, तुमचे शब्द. आठ बायाइपुढं गाय केलं तुम्ही मले.”

“तुले कुठं म्हटलं म्या?”

“मी नव्हती का तिथं वेचत?”

मी मुलीला फोन लावला. मुलगी हसून हसून बेजार. मग म्हणाली, “बाबा, ॲप सोडायची गरज नाही. पैसे नाही भरले तरी गाणी चालू राहतात. मधे मधे जाहिराती येतात, एवढंच.”

“कशाच्या जाहिराती?”

“काहीही. पुण्यातले फ्लॅट. गोरं होण्याची क्रीम.”

आमच्या वावरात, उन्हात रापलेल्या बाया कवडी उकरताहेत आणि बाभूळ त्यांना गोरं व्हायला सांगते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. म्हटलं, मुकाट्यानं बंद केलेलं बरं. पण बंद कोणासाठी करायचं? बायाच यायच्या नसतील तर डबा वाजला काय आणि न वाजला काय.

“सकाळी तांड्यावर जा,” बायको म्हणाली.

“तू चाल न संगं.”

“मी काहून? मी काई म्हटलं नाही. तुम्ही म्हटलं, तुम्ही जा.”

गेलो. दिवस नुकता वर आला होता. याडी अंगणात चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. बाकीच्या बाया विळे घेऊन येत होत्या, तुरीला जायच्या तयारीत. सगळ्यांपुढे माफी मागायची माझी तयारी नव्हती, पण तांड्यात एकांतात बोलायला जागा नसते.

“याडी, काल जे झालं ते चुकीचं झालं,” मी म्हणालो. इथवर ठीक होतं. इथं थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, “माया साळाच तसा हाये. त्याले बोलता येत नाई.”

“साळा तं बरोबर बोलला,” याडी म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. “तुये बोल होते तेच बोलला. त्यात त्यानं मीठ नाही टाकलं न मिरची नाही टाकली.”

मागून एक जण म्हणाली, “ढेप तेवढी टाकली.”

सगळ्या हसल्या. मला वाटलं, हसल्या म्हणजे निभावलं. म्हणून मी जरा धीर करून विचारलं, “पण मंग एक सांग. दुसऱ्या कोनाच्याच वावरात नाही गेल्या तुमी. आठ दिवस माह्याच वावरात काहून आल्या?”

याडीनं भाकरी उलटली. फुगली तशी काढून ठेवली.

“तुयी बाई रोज धुऱ्याजवळचा तास घेते,” ती म्हणाली. “झाडाखालचा. तिथं पुरी कवडी हाये. आमाले मधले तास देते, फुटलेले. एक दिवसबी तिनं आमाले धुऱ्याचा तास नाही दिला. बोटं पाह्यले का तिचे?”

मी पाहिले नव्हते. आठ दिवस मी त्याच बाभळीखाली बसलो होतो, तिच्यापासून दहा हातांवर, आणि गाणी निवडत होतो.

“हे एक,” याडी म्हणाली. “आन् दुसरं हाये.”

“दुसरं काय?”

याडीनं बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांना एकदम काही ना काही काम आठवलं. शेवटी मघाची ढेपवालीच म्हणाली, “सांगून टाक न याडी. आलेच हायेत तं.”

“तू बाभळीखाली बसून राहतं,” याडी म्हणाली.

मला कळेना.

“मांगच्या साली तू दिवसभर आमच्या मांगं मांगं फिरे. हे बोंड राह्यलं, ते बोंड राह्यलं. हे राह्यलं, हे राह्यलं. वाकून वाकून पाठ मोडे, आन् मांगून तुयं हे राह्यलं. औंदा डबा आला तं तू तिथंच बसला. आमी म्हटलं, गाणे कसे का असेनात, मालक एका जागी तं हाये.”

तांड्यात माझं नावच ‘हे राह्यलं’ आहे, आणि चार वर्षांपासून आहे, हेही मला तिथंच कळलं. एक पोर दारातून ओरडून गेलंच, “हे राह्यलं आले, हे राह्यलं आले.”

म्हणजे सिद्धान्त अगदीच चुकला नव्हता. गाण्यांमुळेच बाया येत होत्या. फक्त गाणी ज्याला बांधून ठेवत होती तो मी होतो. ढेप मांडली होती ती माझ्यापुढे.

“आता डबा आणत नाई,” मी म्हणालो. “आजपासून बंद.”

“डबा नको आणू,” याडी म्हणाली. “डब्यानं आमाले बोलता नाही आलं आठ दिवस. हिच्या भाच्याची सोयरीक काढाची हाये,” तिनं ढेपवालीकडे बोट केलं, “माह्या नातीसंगं. वावरात बसून बोलू म्हटलं, सगळ्या जणी राहतेत, साक्षीले बऱ्या. तं तुया डबा. मी काही म्हटलं का वरतून आरती. आरतीत कोनी सोयरीक मोडते का, जोडते का?”

“म्हनून म्हन्तो, बंद.”

“डबा बंद. गाणे बंद नको करू,” याडी म्हणाली. “मुलं कानात घालून ऐकतेत न, वायरी? तशे तू ऐक. बाभळीखालीच बस.”

दहा वाजता त्या आल्या. तुरीवाल्याला याडीनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मुलीच्या खणात वायरीचे कानातले सापडले, त्यातलं एकच बाजूचं वाजत होतं. मी बाभळीखाली बसलो. उजव्या कानात गाणं, डाव्या कानात सोयरीक. सोयरीक जास्त रंगली. मुलगा आयटीआय झालेला होता, पण डोळ्यानं जरा तिरळा. ढेपवाली म्हणे तिरळा नाही, लाजतो. मग पलीकडच्या दोन तासांवरून प्रश्न आले, लाजतो तर दोन्ही डोळे वेगळ्या बाजूंना कशे लाजतात? नऊ जणी हात न थांबवता बोलत होत्या, आणि बोलताना हात उलट जास्त चालत होते. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

दुपारी भाकर खाताना मी बायकोचे हात पाहिले. नखांच्या कडा सोलून निघाल्या होत्या, दोन बोटांना तिनं चिंध्या बांधल्या होत्या. रोज त्याच हातांनी ती मला चहा देत होती आणि मी साखर कमी आहे म्हणत होतो.

“धुऱ्याचा तास मी घेतो,” मी म्हणालो.

मी घेतला. कंबरेला ओटी बांधली, तीही उलटी. कवडी नखांनी उकरायला लागलो. अर्धा तास झाला नसेल, याडी तास ओलांडून माझ्याकडे आली. तिनं माझ्या ओटीत हात घातला आणि मूठभर कापूस काढून सगळ्यांना दाखवला. त्यात कापूस थोडा आणि वाळलेला पाला जास्त होता. मग ती माझ्या मागच्या झाडांकडे वळली आणि एकेका बोंडाला बोट लावत म्हणाली, “हे राह्यलं. हे राह्यलं. हे पन राह्यलं.”

त्या दिवशी आमच्या वावरात जे हसू झालं ते डब्यातून कधी निघालं नसतं. ढेपवाली तर खालीच बसली. बायकोही हसली, आणि कालपासून ती हसली नव्हती.

“जाय भाऊ,” याडी म्हणाली. “गाणे ऐक.”

धुऱ्याच्या तासावर मग त्यांनीच पाळी लावली, रोज दोघी. बायकोला मधला तास दिला. ती नको नको म्हणत होती, याडीनं ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी चार वाजता वावर रिकामं झालं. सोयरीकही तोवर साखरपुड्यापर्यंत आली होती. तिरळेपणाचं काय ठरलं ते मला विचारू नका, त्या वेळी माझ्या उजव्या कानातलं गाणं मोठ्यानं वाजत होतं. गाठोडी बंडीत भरली, वरून ताडपत्री बांधली, आणि घरी पोचता पोचता थेंब आले. चार टपोरे थेंब, ताडपत्रीवर आवाज होईल एवढेच. आभाळानं जणू येऊन पाहून घेतलं की काही उरलंय का, आणि परत गेलं. साळ्याचं मात्र त्या चार थेंबांच्या आधीच मिटलं होतं. बहिणीनं त्याला फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो डबा उतरवून धुऱ्याच्या तासात कवडी वेचायला बसला, आणि त्याच्या बायकोनं दोन दिवसांत चार बाया आणल्या.

संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो. फोन पुन्हा टुंग झाला. आज शेवटचा दिवस. हिरवं मोठं बटण, आणि खाली बारीक अक्षरात ‘नंतर पाहू’. मी बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं. माझं मन तयार होतं. कापूस घरी आला, काम झालं, डबा माळ्यावर गेला. आणि खरं सांगायचं तर तीन दिवस डाव्या कानानं जे ऐकलं, त्यापुढे उजव्या कानातलं फिकं वाटू लागलं होतं. बायको शेजारी बसून बोटांना तेल लावत होती.

“सोडून देतो आता,” मी म्हणालो. “याच झाडाईची पुन्हा फरदड घ्यायची नाही, वेचणी उरली नाही. कायले पैसे भरायचे?”

“फरदड नाही, पन तूर हाये,” ती म्हणाली. “मंग हरभरा. मंग पुढच्या साली पुन्हा कापूस.”

“तू तं म्हनत होती, सोडा.”

तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली, माझ्या हातातला फोन घेतला, चष्म्याशिवाय जरा लांब धरून पाहिला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

“वर्षाचंच भरून टाका,” बायको म्हणाली. “इतक्या सस्त्यात तुम्ही एका जागी बसता, हे कोनी मले आधी सांगतलं असतं, तं म्या लग्नातच मांगून घेतलं असतं.”